क्लच केबलचा पंचनामा

मापसाहेबांच्या मोटरसायकलचा क्लच जड झाल्याची पहिली खबर त्यांच्या बायकोच्या हेल्मेटला लागली. शाळेकडे जाताना दुसऱ्या सिग्नलला गाडीने गचका दिला, जागच्या जागी बंद पडली आणि मागे बसलेल्या बाईंचं हेल्मेट मापसाहेबांच्या हेल्मेटवर ठण्णकन आपटलं. चौथ्या सिग्नलला पुन्हा ठण्ण. शाळेच्या फाटकापाशी तिसऱ्यांदा ठण्ण झालं तेव्हा बाईंच्या शिवणाच्या वर्गातल्या दहाबारा मुली तिथेच उभ्या होत्या, आणि त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यातली एक पुढे आली आणि "बाई, लागलं का?" असं विचारून गेली. ते मापसाहेबांना दिवसभर टोचत राहिलं.

"केबल गेली," मापसाहेबांनी जाहीर केलं. "दाबून दाबून बोटं दुखायला लागली. क्लचची केबल म्हणजे शेवटी तारच ती. गंजते, अडकते."

बाई उतरल्या, हेल्मेट काढून त्यांनी केस सारखे केले आणि अगदी सहज म्हणाल्या, "अहो, मी बसने जात जाऊ का? बाकीच्या जातातच की. पासाचे अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतायत."

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. पण सत्तावीस वर्षं मापसाहेब रोज सकाळी बाईंना शाळेत सोडत होते. घर ते शाळा अठरा मिनिटं. या अठरा मिनिटांत बाई मागून बोलायच्या आणि मापसाहेब पुढून "हं" म्हणायचे. घरी आल्यावर स्वयंपाक, टीव्ही, फोन आणि झोप यांतून दोघांना एकमेकांच्या वाट्याला यायला जागाच उरत नसे. राहतं घर घ्यायचं, हे एका लाल सिग्नलवर ठरलं होतं. मुलीने परगावी शिकायला जायचं, हे एका खणलेल्या रस्त्यावर वळसा घेताना ठरलं. मापसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं नसतं, पण त्यांच्या दिवसात ती अठरा मिनिटं सोडली तर फारसं काही नव्हतं. बसमध्ये बाईंच्या शेजारी दुसरंच कोणीतरी बसणार होतं.

"काही गरज नाही," ते म्हणाले. "रविवारी केबल बदलतो. विषय संपला."

विषय असा संपत नसतो.

मापसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, हे सांगायलाच हवं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, खऱ्या काट्यांवर शिक्का मारायचा, खोटे जप्त करायचे, हे काम त्यांनी एकतीस वर्षं एखाद्या व्रतासारखं केलं होतं. इमारतीतले लोक आधी पाठीमागे त्यांना मापसाहेब म्हणायचे. मग तोंडावर म्हणू लागले. हा आपला गौरव आहे असं मापसाहेबांनी ठरवून टाकलं, त्यामुळे कोणाचंच काही बिघडलं नाही.

पहिली अडचण अशी की गाडी सतरा वर्षांची होती आणि कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. अस्सल केबल मिळेना. मिळत होती ती दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने बनवलेली, बाजारात जिला सरसकट 'लोकल' म्हणतात ती. ज्या माणसाने आयुष्यभर लोकल मापं जप्त केली, त्याने लोकल केबल विकत घ्यायची, म्हणजे पुजाऱ्यानेच चपला घालून देवळात शिरण्यासारखं होतं. पण महिनाअखेर जवळ येत होती. मापसाहेबांनी जुनी केबल काढली, पिशवीत गुंडाळून घेतली, वरच्या खिशात स्टीलची टेप टाकली आणि सुट्या भागांच्या दुकानात गेले.

पार्टवाल्याने पाकीट काउंटरवर टाकलं. "घ्या साहेब. तुमच्याच गाडीची."

मापसाहेबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "यावर लांबी छापलेली नाही."

"केबल कोणी लांबी बघून घेत नाही साहेब. गाडी बघून घेतात."

"लांबी छापली पाहिजे. नियम आहे."

पार्टवाला ओळखून चुकला की आजची सकाळ वाया गेली. मापसाहेबांनी दोन्ही केबली काउंटरवर शेजारी शेजारी ताणून ठेवल्या आणि टेप लावली. नवी केबल बारा मिलिमीटरने आखूड निघाली. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा बारा. मागे गिऱ्हाईकांची रांग लागली होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कमी भरते."

"साहेब, जुनी केबल वापरून वापरून ताणली गेलीय," पार्टवाला म्हणाला. "सतरा वर्षं रोज ओढलीत तिला. नवी आहे तीच बरोबर."

एकतीस वर्षांत मापसाहेबांनी व्यापाऱ्यांच्या तोंडून हजार सबबी ऐकल्या होत्या. काटा हवेमुळे हलतो, वजन घासून झिजलं, कालच पडलं होतं. पण गिऱ्हाइकाचंच माप लांब झालंय, ही सबब नवीन होती आणि तिच्या निर्लज्जपणाने ते चाट पडले. त्यांनी अकरा केबली उघडायला लावल्या. बाराव्या खेपेला कुठल्यातरी भलत्याच गाडीची एक केबल जुनीशी मिलिमीटरला मिलिमीटर जुळली. पार्टवाला म्हणाला, "ही बसणार नाही." मापसाहेब म्हणाले, "ते आम्ही बघू." रांगेतला एकजण पाठीमागून हळूच म्हणाला, "बघू दे रे त्यांना, आम्हाला आज घरी जायचंय."

केबल बसवली ती इमारतीच्या पार्किंगमध्ये. तिथे तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका खुर्ची टाकून बसलेले असतातच. बत्तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून तिच्या मालकाचं भविष्य सांगायचे. त्यांनी पाने दिले, पक्कड दिली आणि न मागता बराच सल्ला दिला. नट फिरवताना मापसाहेबांच्या डाव्या हातातून पाना दोनदा निसटला. दुसऱ्यांदा तो त्यांच्याच पायावर पडला.

"हात तेलकट झालाय," मापसाहेब म्हणाले.

ड्रायव्हरकाकांनी त्या हाताकडे पाहिलं. तो कोरडा होता. ते काही बोलले नाहीत. ते गप्प बसले ही एवढी दुर्मीळ गोष्ट होती की मापसाहेबांच्या ती लक्षात यायला हवी होती.

केबल बसली आणि काय आश्चर्य, क्लच हलका झाला. एका बोटाने दाबावा इतका. मापसाहेबांचा चेहरा उजळला. वरच्या गॅलरीत बाई उभ्या होत्या, त्यांना हाक मारून ते म्हणाले, "बघ! माप बरोबर असलं की सगळं बरोबर होतं!" मग त्यांनी गाडी चालू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि क्लच दाबलेलाच असताना गाडी चालू लागली.

गोष्ट साधी होती. भलत्या गाडीच्या त्या केबलची आतली तार वरच्या नळीच्या मानाने लांब होती, त्यामुळे लिव्हर नुसती ढील ओढत होती. क्लच सुटतच नव्हता. पण हे ज्ञान नंतरचं. त्या क्षणी मापसाहेबांना एवढंच कळत होतं की आपण थांबलोय आणि गाडी थांबलेली नाही. ती धीम्या, ठाम चालीने समोर असलेल्या, इमारतीतल्याच विमावाल्यांच्या कुंड्यांच्या रांगेत शिरली. ब्रेक लागेपर्यंत तीन कुंड्या गेल्या.

विमावाले बनियनवरच खाली आले. त्यांचा स्वभाव अत्यंत समजूतदार होता, आणि तोच त्यांचा सगळ्यात मोठा दोष होता. "जाऊ द्या हो," ते म्हणाले. "कुंड्यांचं काय एवढं. माणूस वाचला. मी तर म्हणतो, आता ही गाडी काढाच. बिनगिअरची घ्या. क्लचच नाही, कटकट नाही. आपल्या वयाला तीच बरी."

'आपल्या' म्हणताना त्यांनी स्वतःलाही धरलं होतं, पण ते मापसाहेबांपेक्षा अकरा वर्षांनी लहान होते. शिवाय त्यांच्याकडेही हेच मॉडेल होतं, मापसाहेबांच्या गाडीपेक्षा फक्त दोन वर्षांनी नवं, कंपनीच्या अस्सल केबलसकट, आणि ते काही ती काढत नव्हते. मापसाहेबांनी कुंड्यांची माती गोळा केली आणि ते वर गेले. त्या संध्याकाळी शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण त्यांना काढता येईना. डाव्या हाताने चारपाच मिनिटं झटापट करून ते इस्त्रीवाल्यावर खेकसले, की हा बाह्यांना लाकडासारखी खळ लावतो. इस्त्रीवाला दोन रस्ते पलीकडे होता, त्यामुळे त्याने मनावर घेतलं नाही. बाईंनी बटण काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शर्टांची काजं कात्रीने जराजरा मोठी केली.

पुढच्या रविवारी मापसाहेब पुन्हा त्याच दुकानात गेले. माणसाला आयुष्यात काही पायऱ्या मान खाली घालून चढाव्या लागतात. पार्टवाल्याने आधीचीच, बारा मिलिमीटर आखूड असलेली, आतून नायलॉनचं अस्तर असलेली केबल काढून दिली. रांगेतही तोच माणूस होता की काय कोण जाणे, पण कोणीतरी हसलं.

ही केबल गोळीसारखी बसली. गाडी थांबायची तिथे थांबू लागली, चालायची तिथे चालू लागली. फक्त क्लच जड होता. आधी होता तितकाच, किंवा थोडा जास्तच. ड्रायव्हरकाकांनी खुर्चीतून उठून दोन बोटांनी लिव्हर दाबून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, याच्यापेक्षा हलका क्लच मी बघितला नाही."

"तुम्ही बस चालवलीत काका. तुम्हाला सगळंच हलकं लागणार."

"असेल," काका म्हणाले आणि पुन्हा बसले.

सोमवारी सकाळी पुलाच्या चढावर, मागे एक मालट्रक उभा असताना, मापसाहेबांना क्लच पूर्ण दाबता आला नाही. बोटं लिव्हरवर होती, जोर लावला होता, दात आवळले होते, आणि लिव्हर अर्ध्यावर येऊन थांबली होती. तेव्हा त्यांनी एक भयंकर गोष्ट केली. उजवा हात हँडलवरून काढला आणि दोन्ही हातांनी क्लच दाबला. पुढचा ब्रेक सुटला. गाडी चढावर वीतभर मागे घसरली. ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. कशीबशी गाडी पुढे निघाली.

बाईंनी हे पाहिलं होतं. त्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होत्या, ते वाक्य अर्ध्यावर राहिलं. उरलेली अकरा मिनिटं त्या गप्प होत्या. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. मापसाहेबांनी दोनदा नुसतंच "हं" म्हणून पाहिलं, पण मागून काही आलं नाही. त्यांना भीती वाटली. ट्रकची वाटली त्याहून ही जास्त होती, आणि कशाची हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. ऑफिसात पोचेपर्यंत त्या भीतीचा त्यांनी व्यवस्थित राग करून टाकला होता. राग पार्टवाल्यावर होता. लोकल माल, दुसरं काय. आतली तार खडबडीत, अस्तर नावालाच. हे सिद्ध करायचं तर तोंडाने बोलून उपयोग नाही. मोजलं पाहिजे.

मोजायला खात्याच्या भांडारात एक तानकाटा होता. स्प्रिंगचा काटा, आकड्यात वस्तू अडकवून ओढली की किती किलोचा जोर लागला ते दाखवणारा. मापसाहेब भांडारपालाकडे गेले. भांडारपाल हा माणूस स्वतःच्या खिशातला रुमालही सहीशिवाय बाहेर काढत नसेल.

"कशासाठी हवाय?"

"क्लचची लिव्हर ओढायला किती जोर लागतो ते बघायचंय."

"खाजगी?"

"म्हणजे, गाडी माझी आहे."

"खाजगी कामाला देता येत नाही. तपासणीला देता येतो. तपासणी तक्रारीवर होते. तक्रार आहे का?"

"माझीच आहे."

"मग लिहून द्या."

मापसाहेबांनी स्वतःकडे स्वतःची तक्रार लिहून दिली. तिला आवक क्रमांक पडला. आवक क्रमांक पडल्यावर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यापाऱ्याला नोटीस गेलीच पाहिजे, असं भांडारपालाने दाखवून दिलं, आणि नोटीस गेली. नोटीस गेली म्हणजे तपासणी त्या व्यापाऱ्यासमोर झाली पाहिजे. शिवाय दोन साक्षीदार हवेत आणि पंचनामा हवा. निरीक्षक आणि तक्रारदार एकच माणूस असू नये असा काही नियम आहे का, हे पाहायला भांडारपालाने तीन जुनी पुस्तकं चाळली. असा वेडेपणा कोणी करील हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे नियम नव्हता. एका केबलपायी आपण काय उभं करून बसलो, हे मापसाहेबांना जाणवत होतं. पण आता कागद हलला होता, आणि हललेला कागद त्यांनी उभ्या जन्मात मागे घेतला नव्हता.

महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळी दहा. स्थळ इमारतीचं पार्किंग. हजर माणसं: पार्टवाला, इस्त्रीचे कपडे घालून, चेहरा उतरलेला. दुकानाच्या आयुष्यात त्याला आलेली ही पहिलीच नोटीस होती. साक्षीदार क्रमांक एक ड्रायव्हरकाका, साक्षीदार क्रमांक दोन विमावाले. मापसाहेब स्वतः ऑफिसच्या वेषात, बिल्ल्यासकट. बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

पार्टवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, पाहिजे तर केबल परत घेतो. दुसऱ्या कंपनीची देतो. एवढं लावून कशाला धरताय?"

"प्रश्न केबलचा नाही," मापसाहेब म्हणाले. "तत्त्वाचा आहे."

त्यांनी आकडा लिव्हरच्या टोकाला अडकवला आणि लिव्हर पार मुठीला टेकेपर्यंत काटा ओढला. साडेसहा किलो. ड्रायव्हरकाकांनी वाकून आकडा पाहिला आणि मोठ्याने वाचला. पुन्हा ओढला, साडेसहा. तिसऱ्यांदा, साडेसहा. मापसाहेबांनी नोंद केली. "आता अस्सल," ते म्हणाले आणि विमावाल्यांच्या गाडीकडे वळले. तिला कंपनीची केबल होती. मापसाहेबांच्या मनात हा आकडा आधीच लिहिलेला होता. चार. फार तर साडेचार.

काटा पावणेसातवर थांबला.

म्हणजे लोकल केबल अस्सलपेक्षा हलकी होती. पार्टवाल्याने इतका मोठा श्वास सोडला की विमावाले एक पाऊल मागे सरले. मापसाहेबांनी तो आकडाही लिहिला, कारण आकडा दिसला की लिहायचा, एवढंच त्यांना येत होतं. तक्रार निराधार, असा शेरा मारायचा आणि सह्या घेऊन सगळ्यांना घरी पाठवायचं. इथे काम संपलं असतं.

पण त्या छापील नमुन्याच्या तळाशी एक रकाना होता. 'तक्रारदाराचे स्वतःचे साधन तपासले काय?' घरच्या काट्यावर वजन करून लोक दुकानदाराला चोर ठरवतात, आणि निम्म्या वेळा घरचा काटाच खोटा निघतो, म्हणून फार पूर्वी कोण्या शहाण्या अधिकाऱ्याने तो रकाना घातला होता. बाकीचे निरीक्षक तिथे रेघ मारून मोकळे व्हायचे. मापसाहेबांनी एकदाही रेघ मारली नव्हती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांचाच काटा खोटा असल्याचं त्यांनी भर बाजारात सांगितलं होतं, आणि ते गृहस्थ काटा बगलेत मारून निमूटपणे निघून गेले होते.

पेन त्या रकान्यावर थांबलं.

"साहेब," पार्टवाला भाबडेपणाने म्हणाला, "केबल जर हलकी आहे, तर मग जड लागतंय कोणाला?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. ड्रायव्हरकाका लगबगीने म्हणाले, "चला, सह्या करू. ऊन वाढतंय." विमावाल्यांनी खिशातून फोन काढला आणि बंद पडद्याकडे बघत राहिले. जिन्यावर बाईंनी कठडा धरला.

मापसाहेबांनी बिल्ला सारखा केला. तानकाट्याची वरची कडी तळमजल्याच्या खिडकीच्या गजाला अडकवली. काकांची खुर्ची पुढे ओढून तिच्या पाठीवर मनगट टेकवलं, आकडा चार बोटांत धरला आणि क्लच दाबताना आवळतात तशी मूठ आवळली. आधी उजव्या हाताने. सतरा किलो.

मग डाव्या हाताने.

काटा सरसर वर गेला नाही. तो तीनपर्यंत आला, चारपर्यंत आला, आणि चार नि साडेचारच्या मधे थरथरत राहिला. मापसाहेबांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्यांनी आणखी जोर लावला, तसा काटा आणखी थरथरला आणि हळूहळू खाली आला. लिव्हरला साडेसहा हवे होते.

कोणीच आकडा मोठ्याने वाचला नाही.

"काटाच जुना आहे साहेब," पार्टवाला म्हणाला. आता त्याला कळलं होतं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "स्प्रिंग गेली असणार. काट्यातच खोट असेल."

एकतीस वर्षं दुकानदारांनी हेच वाक्य मापसाहेबांना ऐकवलं होतं आणि एकतीस वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं नव्हतं. आज पहिल्यांदाच कोणीतरी ते त्यांच्यासाठी म्हणत होतं. ते मान्य करावं असं त्यांना फार, फार वाटलं.

"हा काटा गेल्या महिन्यात मीच तपासलाय," ते म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांनी रकान्यात लिहिलं: तपासले. कमी भरते. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, कारण लिहायचा हात उजवा होता. साक्षीदारांनी सह्या केल्या. पार्टवाल्याने सही केली आणि जाताना, नोटीस मिळालेल्या माणसाने करू नये ते केलं. मापसाहेबांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्याने तो हलकेच दाबला.

घरी आल्यावर मापसाहेब जेवणाच्या टेबलाशी बसले. बाईंनी चहा ठेवला. पासाच्या अर्जाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणून मापसाहेबच बोलू लागले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढला.

"एका आकड्यावरून काही ठरत नसतं. पकडच चुकीची होती. खुर्ची हलत होती. हातात जोर नसता तर घरातली कामं झाली असती का? परवा साखरेची बरणी कोणी उघडली? मीच ना? याच हाताने. कॉफीची काल. डाळीची आज सकाळी. एकदा तरी अडलं?"

बाईंनी गॅस बंद केला.

"सांग ना. एकदा तरी अडलं?"

"उद्या अकराची वेळ घेतलीय डॉक्टरांची," बाई म्हणाल्या. "मी रजा टाकलीय. बसने जाऊ."

"कधी घेतलीस वेळ?"

"तुम्ही दुसरी केबल आणलीत त्या दिवशी."

मापसाहेब उठले आणि स्वयंपाकघरातल्या फडताळापाशी गेले. वरच्या फळीवर अकरा बरण्या ओळीने होत्या. त्यांनी साखरेच्या बरणीच्या झाकणाला डाव्या हाताचं एक बोट लावलं. झाकण उचललं गेलं. ते फिरवलेलंच नव्हतं, नुसतं वर ठेवलेलं होतं. कॉफीचं तसंच. डाळीचं तसंच. शेवटच्या बरणीपर्यंत त्यांनी प्रत्येक झाकणाला बोट लावून पाहिलं आणि प्रत्येक झाकण उचललं गेलं. तळाच्या मोठ्या डब्याचंसुद्धा.

"हे किती दिवस चाललंय?" त्यांनी विचारलं. त्यांना आकडा हवा होता. आकडा मिळाला की लिहिता येतो, बाजूला ठेवता येतो.

बाईंनी त्यांच्या हातातलं झाकण घेतलं आणि हळूच पुन्हा बरणीवर ठेवलं, न फिरवता.

"मी मोजलं नाही," त्या म्हणाल्या.